मोबाईल फोनवरील जकात : भरतो कोण, सोसतो कोण?

आमच्या शेजारीं एक बाई राहतात. जेवणाचे डबे करून देणें हा त्यांचा व्यवसाय. २०२४ सालच्या जून महिन्यांत त्यांची मुलगी महाविद्यालयांत जाऊं लागली आणि तिला स्वतःचा फोन हवा, असा प्रश्न घरांत निघाला. तो हौशीचा प्रश्न नव्हता. प्रवेशाचे अर्ज, वर्गाच्या सूचना, परीक्षेचें वेळापत्रक हें सारें आतां फोनवरच येतें. बाईंनीं बारा हजार रुपयांच्या आंतला एक फोन पसंत करून ठेविला आणि पैसेहि जमविले. इतक्यांत कोणीतरी त्यांना सांगितलें कीं, जुलैमध्यें अर्थसंकल्प यावयाचा आहे, जकात उतरण्याचा संभव आहे, तेव्हां थोडें थांबा. बाई थांबल्या. २३ जुलै रोजीं अर्थमंत्री निर्मला सीतारामन् यांनीं लोकसभेंत अर्थसंकल्प मांडला आणि मोबाईल फोनवरील मूळ आयात-जकात शेंकडा २० वरून शेंकडा १५ वर आणल्याचें जाहीर केलें. चार दिवसांनीं बाई दुकानांत गेल्या. किंमत होती तीच होती. एका रुपयाचाहि फरक पडलेला नव्हता. त्या संध्याकाळीं माझ्याकडे येऊन त्यांनीं विचारलें, "काका, जकात पांच टक्क्यांनीं उतरली म्हणतात, मग माझे पांच टक्के गेले कुठें?"

हा प्रश्न साधा दिसतो. परंतु जकातीसंबंधीं जितका म्हणून वाद आजवर झाला आहे, त्या सर्वाचें बीज या एका प्रश्नांत आहे. सरकार जकात बसवितें तेव्हां ती भरतो कोण आणि सोसतो कोण? भरणारा व सोसणारा हे नेहमीं एकच असतात काय? आणि आपण गिऱ्हाइकांनीं जकातीची बातमी ऐकून आपला बेत बदलावा कीं बदलूं नये? या प्रश्नांचा आज आपण थोडा विचार करूं.

प्रथम जकातीची मोजणी कशी होते तें पाहूं. परदेशांतून बंदरावर अगर विमानतळावर उतरलेल्या मालावर सरकार जो कर घेतें ती आयात-जकात. ती माल मागविणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतली जाते. परदेशी कारखानदार तिचा एक पैसाहि आपल्या हातानें भरीत नाहीं. समजा, २०२४ च्या अर्थसंकल्पापूर्वीं १०,००० रुपये किंमतीचा एक फोन परदेशांतून येथें उतरला. त्यावर शेंकडा २० प्रमाणें मूळ जकात झाली २,००० रुपये. त्या जकातीवर पुन्हां शेंकडा १० समाजकल्याण अधिभार, म्हणजे २०० रुपये. फोन झाला १२,२०० रुपयांचा. आतां वस्तु-सेवा कर शेंकडा १८. परंतु तो मूळच्या १०,००० वर नव्हे, तर जकात मिळवून झालेल्या १२,२०० वर बसावयाचा. तो येतो २,१९६ रुपये. एकूण बेरीज १४,३९६. जकात मुळींच नसती, तर हाच फोन वस्तु-सेवा कर धरून ११,८०० रुपयांना पडला असता. म्हणजे जकात व अधिभार मिळून सरकारच्या वहींत २,२०० रुपये लिहिले गेले खरे. पण त्यांच्यामुळें फोन महागला तो २,५९६ रुपयांनीं, आणि दुकानदाराचा नफा याहून निराळा. करावर कर बसला म्हणजे ओझें असें वाढत जातें.

नव्या दरानें हीच मोजणी करून पहा. जकात १,५००, अधिभार १५०, त्यावर वस्तु-सेवा कर २,०९७, एकूण १३,७४७. म्हणजे ६४९ रुपयांचा फरक, सुमारें शेंकडा साडेचार. हा हिशेब खरा असेल, तर बाईंच्या बारा हजारांच्या फोनमध्यें निदान पांचशे रुपये कमी व्हावयास हवे होते. ते कां झाले नाहींत?

याचें पहिलें उत्तर असें कीं, बाईंनीं पसंत केलेला फोन अखंड असा परदेशांतून आलेलाच नव्हता. तो याच देशांत जुळविलेला होता. जी वस्तु नाक्यावरून गेलीच नाहीं, तिच्यावरील जकात कमी झाली तरी तिची किंमत उतरणार कशी?

ही स्थिति आपोआप आलेली नाहीं. सरकारी आकड्यांप्रमाणें २०१४-१५ सालीं भारतांत विकल्या जाणाऱ्या दर शंभर फोनांपैकीं केवळ २६ फोन येथें तयार झालेले असत. बाकीचे बाहेरून येत. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु-सेवा कर सुरू झाला, त्याच वेळीं बाहेरून येणाऱ्या फोनवर शेंकडा १० मूळ जकात बसविण्यांत आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती १५ झाली आणि २०१८ च्या फेब्रुवारींतील अर्थसंकल्पांत २०. त्याबरोबरच फोनच्या सुट्या भागांवर टप्प्याटप्प्यानें जकात बसविण्याचा कार्यक्रम आंखला गेला. आधीं भारक व बॅटरी, मग विद्युत्-मंडलाची पट्टी, पुढें पडदा, असा तो क्रम होता. २०२० सालीं याला उत्तेजनार्थ अनुदानाची जोड मिळाली. वाढीव विक्रीवर शेंकडा ४ ते ६ पर्यंत रक्कम सरकारनें कारखानदारांस देऊं केली. परिणाम असा झाला कीं, नोइडा, श्रीपेरुम्बुदूर, होसूर या ठिकाणीं मोठमोठे कारखाने चालूं लागले, आणि येथें विकल्या जाणाऱ्या फोनांपैकीं शेंकडा ९९ हून अधिक फोन आतां येथेंच तयार होतात, असें सरकार सांगतें. २०२४-२५ सालीं दोन लक्ष कोटि रुपयांचे फोन परदेशीं गेले. तटबंदीच्या दृष्टीनें पाहिलें तर तट चांगला उभा राहिला, यांत संशय नाहीं.

२०२४ च्या जुलैमध्यें जकात उतरली तेव्हां या तटाच्या आंतले फोन कोणते व बाहेरचे कोणते हें एका कंपनीच्या दरपत्रकावरून स्पष्ट दिसून आलें. ॲपल कंपनीचे 'प्रो' जातीचे महागडे फोन त्या वेळीं बाहेरून येत असत. त्यांपैकीं आयफोन १५ प्रो १,३४,९०० रुपयांवरून १,२९,८०० वर आला. एकदम ५,१०० रुपये उतरले. त्याच कंपनीचे आयफोन १३, १४ व १५ येथें जुळविले जात. त्यांची किंमत उतरली केवळ ३०० रुपयांनीं. आणि तीहि, आंतल्या कांहीं भागांवरील जकात त्याच अर्थसंकल्पांत कमी झाली होती, तिचा अंश असावा. पहा, सव्वा लाखाचा फोन घेणाऱ्याचे पांच हजार वाचले, आणि बारा हजारांचा फोन घेणाऱ्या बाईंना कांहींच मिळालें नाहीं. कोणी मुद्दाम अन्याय केला असें नव्हे. जकातीच्या गणिताचाच हा परिणाम आहे.

पण मग बाई जकात सोसतच नव्हत्या, असें म्हणावयाचें काय? तसेंहि नाहीं. येथें जुळविलेल्या फोनच्या पोटांत बाहेरून आलेले अनेक भाग असतात. त्यांवरील जकात कारखानदार भरतो आणि ती किंमतींत मिळवून टाकतो. सिमची खोबण, मागचें झांकण, अँटेना अशा भागांवरील जकात २०२४ च्या जानेवारीअखेर शेंकडा १५ वरून १० वर आणली गेली, ती याच कारणासाठीं. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. बाहेरचा माल तटामुळें महाग पडतो, म्हणून आंतल्या कारखानदाराला आपली किंमत त्या महागलेल्या किंमतीच्या जरा खालीं ठेवली तरी पुरतें. तट नसता तर त्याला आणखी खालीं यावें लागलें असतें. म्हणजे जकात वसूल होत नसतांनाहि तिची सावली किंमतीवर पडलेली असूं शकते. ती किती पडेल हें आंतल्या चढाओढीवर अवलंबून आहे. आपल्याकडे स्वस्त फोनच्या बाजारांत सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी अशा पांच-सात कंपन्या एकमेकींशीं झगडत आहेत, म्हणून ती सावली पूर्ण लांबीची पडत नाहीं. ही चढाओढ उद्यां मोडली आणि दोघां-तिघांच्या हातीं बाजार गेला, तर मात्र तट गिऱ्हाइकाच्या विरुद्धच उभा राहील.

श्रोतेहो, हा अनुभव आपल्याला नवा नाहीं. मुंबईजवळचें अंबरनाथ आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें आहे. १९२२ सालीं त्या वेळच्या सरकारनें परदेशी आगपेट्यांवरील जकात वाढवून दर ग्रोसास, म्हणजे १४४ पेट्यांस, दीड रुपया केली. हेतु केवळ उत्पन्नाचा होता. पण झालें काय? येथल्या बाजारांत माल विकणाऱ्या स्वीडनच्या बलाढ्य आगपेटी-कंपनीनें विचार केला कीं, भिंतीवरून माल फेकण्यापेक्षां भिंतीच्या आंतच बिऱ्हाड करावें हें बरें. तिनें अंबरनाथला कारखाना काढला. परदेशी पेट्यांची आयात घटली, तसें जकातीचें उत्पन्नहि घटलें. पुढें १९२८ सालीं तीच जकात देशी धंद्याच्या संरक्षणासाठीं म्हणून कायम करण्यांत आली, आणि १९३४ सालीं सरकारला येथें तयार होणाऱ्या पेट्यांवर उत्पादन-कर बसवावा लागला. शंभर वर्षांपूर्वीं काडीच्या पेटीचें जें झालें तेंच आज फोनचें झालें आहे. परदेशी कंपनी भिंतीच्या आंत येते, रोजगार मिळतो, उद्योग उभा राहतो. परंतु भिंतीचा लाभ घेणारा भांडवलदार देशीच असतो असें नाहीं, आणि किंमत उतरतेच असेंहि नाहीं.

आतां आपण मुख्य प्रश्नाकडे वळूं. जकातीचें ओझें शेवटीं कोणाच्या शिरावर जातें? अर्थशास्त्राचें उत्तर असें आहे कीं, विकणारा व घेणारा या दोघांपैकीं ज्याला थांबतां येत नाहीं त्याच्या शिरावर तें अधिक जातें. ज्याला 'आज नको, सहा महिन्यांनीं पाहूं' असें म्हणतां येतें, त्याच्यापुढें विकणाऱ्याला नमावें लागतें; आणि ज्याला आजच्या आज वस्तु घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं, त्याच्यावर विकणारा सारें ओझें लोटूं शकतो. कायद्यांत कोणाचें नांव लिहिलें आहे याला येथें महत्त्व नाहीं. गरज कोणाची निकडीची आहे याला आहे.

याचें उत्तम उदाहरण २०२५ सालीं अमेरिकेंत पाहावयास मिळालें. २ एप्रिल रोजीं अध्यक्ष ट्रंप यांनीं जवळजवळ सर्व देशांच्या मालावर नवी जकात जाहीर केली, आणि पुढच्या आठवडाभरांत चिनी मालावरील नवा दर शेंकडा १२५ पर्यंत चढला. अमेरिकेंत विकले जाणारे बहुतेक आयफोन तोंवर चीनमधून येत असत. हजार डॉलरचा फोन आतां दोन हजारांचा होणार, अशी आवई उठली आणि लोकांनीं दुकानांत गर्दी केली. ज्यांच्या खिशांतला फोन धडधाकट होता, त्यांनींहि भीतीपोटीं नवा घेतला. आणि ११ एप्रिल रोजीं सरकारनें फोनला त्या नव्या जकातींतून वगळल्याचें जाहीर केलें! चिनी मालावर आधीं बसविलेली शेंकडा २० जकात तेवढी राहिली. पुढें सप्टेंबरांत आयफोन १७ बाहेर आला तो ७९९ डॉलरला. आदल्या वर्षीं आयफोन १६ ची सुरुवातीची किंमत हीच होती. मग जकात गेली कोठें? ॲपल कंपनीनें एप्रिल ते जून या तिमाहींत जकातीपायीं सुमारें ८० कोटि डॉलर खर्च झाल्याचें स्वतःच सांगितलें. कांहीं ओझें कंपनीनें आपल्या नफ्यांतून सोसलें, आणि कांहीं टाळण्यासाठीं तिनें अमेरिकेला जाणारा माल चीनऐवजीं भारतांतून नेण्यास आरंभ केला; त्या तिमाहींत अमेरिकेंत विकले जाणारे बहुसंख्य आयफोन भारतांतून येतील, असें तिच्या प्रमुखांनीं मे महिन्याच्या आरंभींच सांगून ठेविलें होतें.

कंपनीनें ही उदारता कां दाखविली? धर्म म्हणून खास नव्हे. तिचें बहुतेक गिऱ्हाईक थांबूं शकणारें होतें. त्याच्या खिशांत चालतें यंत्र होतें. किंमत चढली तर तें आणखी एक वर्ष जुन्यावर काढील, हें कंपनीला ठाऊक होतें. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत धांवत सुटलेल्या मंडळींनीं मात्र आपला थांबण्याचा अधिकार आपल्या हातानें सोडून दिला. घाई ही देखील एक जकातच आहे. फरक इतकाच कीं, ती सरकार बसवीत नाहीं, आपणच आपल्यावर बसवून घेतों.

परंतु सर्वांनाच थांबतां येतें असें समजणें ही निष्ठुरता होईल. येथें मला २०२० सालची आठवण होते. त्या वर्षीं १४ मार्च रोजीं वस्तु-सेवा कर परिषदेनें मोबाईल फोनवरील कर शेंकडा १२ वरून १८ करण्याचें ठरविलें, आणि तो १ एप्रिलपासून अमलांत आला. त्याच्या एकच आठवडा आधीं, २५ मार्चला, साऱ्या देशांत टाळेबंदी सुरू झाली होती. शाळा बंद पडल्या, वर्ग फोनवर भरूं लागले. ज्या घरांत एकच फोन होता आणि मुलें दोन-तीन होतीं, त्या घरांना दुसरा फोन घेणें भाग पडलें. त्यांना 'पुढच्या वर्षीं पाहूं' असें म्हणतां येत नव्हतें. आयात-जकात निराळी व हा कर निराळा हें खरें. पण नियम एकच. कराचा वाढलेला सहा टक्क्यांचा भार कोणी सोसला असेल, हें सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको.

आमच्या शेजारच्या बाईंचेंहि असेंच आहे. अर्थसंकल्पाच्या वाटेकडे डोळे लावून त्या महिनाभर थांबल्या, त्या महिन्यांत मुलगी आईचाच फोन घेऊन महाविद्यालयांत जाई. दुपारीं डब्यांचे निरोप येत ते मुलीच्या दप्तरांत वाजत राहत. दोन गिऱ्हाइकें त्यापायीं तुटलीं. थांबण्यालाहि किंमत पडते, आणि गरिबाला ती श्रीमंतापेक्षां जास्त पडते. वाट पाहण्याचा सल्ला देणाऱ्यानें आधीं ही किंमत मोजून पाहिली पाहिजे.

तर मग गिऱ्हाइकानें करावें काय? मला सुचतात त्या तीन-चार गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट, जकातीची बातमी ऐकतांच आपल्या फोनचें जन्मस्थान पहावें. डब्यावर तें छापलेलें असतें. फोन येथें जुळविलेला असेल, तर पूर्ण फोनवरील जकात चढो वा उतरो, त्याच्या किंमतींत लगेच मोठा पालट होण्याचें कारण नाहीं. पालट व्हावयाचा तो बाहेरून येणाऱ्या फोनांच्या किंमतींत.

दुसरी गोष्ट, किंमत चढण्याचीं कारणें जकातीखेरीज दुसरींहि आहेत, आणि पुष्कळदां तीं अधिक बलवान् असतात. २०१४ सालीं एका डॉलरला साठ-एकसष्ट रुपये पडत. २०२५ च्या डिसेंबरांत तो नव्वदीच्या पलीकडे गेला. फोनच्या पोटांतले महागडे भाग डॉलरच्याच भावानें येतात, म्हणून रुपया घसरला कीं जकात न वाढतांहि फोन महागतो. त्याच २०२५ सालच्या अखेरीस यांत्रिक बुद्धीसाठीं उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणकगृहांची मागणी वाढल्यामुळें स्मृति-चिपांचे भाव जगभर चढले. यांत कोणत्याहि नाक्याचा संबंध नाहीं. तेव्हां केवळ जकातीवर डोळा ठेवून बसणें म्हणजे एका दाराशीं पहारा करून दुसरीं दारें उघडीं टाकण्यासारखें आहे.

तिसरी गोष्ट, किंमतीचा आंकडा तोच राहिला म्हणजे माल तोच राहिला असें समजूं नये. विकणाऱ्याला ठाऊक असतें कीं, गिऱ्हाइकाच्या मनांत दहा हजार, पंधरा हजार अशा रेघा आंखलेल्या असतात. ती रेघ ओलांडण्यापेक्षां तो स्मृति कमी घालील, कॅमेरा हलका बसवील, अगर सोबतचा भारक काढून घेईल. म्हणून दोन फोनांची तुलना करतांना केवळ किंमत न पाहतां त्या किंमतींत काय पडतें तें पहावें. हप्त्यानें घेणाऱ्यांनीं तर हप्त्याचा आंकडा न पाहतां सर्व हप्त्यांची बेरीज करून पहावी.

चौथी गोष्ट परदेशांतून फोन मागविण्याची. अमेरिकेंतल्या भाच्यानें अगर दुबईंतल्या मेहुण्यानें येतांना फोन आणावा, अशी मागणी आपल्याकडे पुष्कळ घरांतून होते. किंमतींतला फरक मोठा असेल तर ती गैर नव्हे. परंतु अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, सिमकार्डाची खांचच नसते, आणि कित्येक कंपन्यांची दुरुस्तीची हमी ज्या देशांत फोन घेतला त्याच देशापुरती असते. वाचविलेले पैसे एका दुरुस्तींत जाणार नाहींत, एवढें आधीं पाहून घ्यावें.

आणि या सर्वांवर एक गोष्ट. आपला थांबण्याचा अधिकार जपावा. जुन्या फोनची बॅटरी बदलून तो आणखी दोन वर्षें चालत असेल, तर ती बॅटरी हीच जकातीविरुद्ध आपली खरी ढाल आहे. गेल्या वर्षींचा नमुना यंदां घेतल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. ज्यांना थांबणें शक्य आहे त्यांनीं थांबावें. त्यांच्या थांबण्यामुळें विकणाऱ्याला किंमत आंवरावी लागते, आणि तिचा लाभ ज्याला थांबतां येत नाहीं त्यालाहि पोंचतो.

येथवर मीं गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें बोललों. परंतु आपण गिऱ्हाईक आहों तसेच नागरिकहि आहों, आणि संरक्षक जकात म्हणजे सगळीच वाईट, असें म्हणून नागरिकाला सुटतां येणार नाहीं. १९११ सालीं साखरेवरील जकातीच्या चर्चेंत वरिष्ठ कायदेमंडळांत बोलतांना नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं संरक्षणाचे योग्य व अयोग्य असे दोन प्रकार सांगितले होते. वाढत्या धंद्यांना आधार मिळतो, पण समाजाच्या हिताला बाधक असे बड्यांचे कूट तयार होऊं नये याची काळजी घेतली जाते, तें योग्य संरक्षण. ज्यांत वजनदार मंडळींचें साधतें आणि बाकीच्या समाजाला त्याची किंमत मोजावी लागते, तें अयोग्य. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, तरी याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाहीं.

ही कसोटी फोनला लावून पहा. कारखाने निघाले, लोकांना काम मिळालें, निर्यात वाढली. हें जमेच्या बाजूला मांडलें पाहिजे. आणि खर्चाच्या बाजूला? गिऱ्हाइकानें मोजलेली चढी किंमत, आणि करदात्यांच्या पैशांतून गेलेलें अनुदान. हा खर्च कायमचा असेल तर तो बोजा आहे. मुदतीचा असेल आणि त्या मुदतींत आपण केवळ जुळणी न करतां पडदे, चिपा, कॅमेरे हे भागहि येथें करावयास शिकलों, तर ती शिक्षणाची फी आहे. फी द्यावयास हरकत नाहीं. पण विद्यार्थी वर्गांतून वर जातो आहे कीं त्याच इयत्तेंत बसून आहे, हें विचारण्याचा अधिकार फी देणाराला असतो. दर वर्षीं अर्थसंकल्पाच्या दिवशीं 'काय स्वस्त, काय महाग' अशी यादी वाचण्यांत आपण रमतों. त्याऐवजीं, हा तट किती वर्षांसाठीं आहे आणि त्याच्या आंत आपण काय शिकलों, हा प्रश्न आपण विचारूं लागलों तर तें अधिक हिताचें होईल.

बाईंना मीं हें सर्व एवढ्या विस्तारानें सांगितलें नाहीं. इतकेंच म्हणालों कीं, तुमचे पांच टक्के कोणी नेले नाहींत. ते तुमच्या फोनमध्यें मोकळे असे नव्हतेच. जें तुम्ही देतां तें भागांच्या किंमतींत आणि भिंतीच्या सावलींत मिसळून गेलेलें आहे, म्हणून तें दिसत नाहीं. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "न दिसणारें देणेंच जड असतें, काका. दिसलें असतें तर घासाघीस तरी केली असती." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तोच फोन त्याच किंमतीला घेतला. मुलगी आतां स्वतःचा फोन घेऊन जाते आणि डब्यांचे निरोप आईच्या हातीं वेळेवर पोंचतात. अशा माणसांच्या वतीनें घासाघीस करणें हें, ज्यांना थांबतां येतें आणि ज्यांना बोलतां येतें, अशा आपणां सर्वांचें काम आहे.